दमदम्यापर्यंत दम

झंडेवालानच्या सायकल बाजारात शिरणाऱ्या गिऱ्हाइकाला दुकानदार पहिला प्रश्न विचारतो तो असा: "भाई साहब, रेसिंगवाली दिखाऊँ, या आने-जाने की?" या एका प्रश्नाने सायकलींचीच नव्हे, माणसांचीही वाटणी होते. आने-जाने की सायकल माणसाला सकाळी कामावर नेते आणि संध्याकाळी घरी आणते. रेसिंगवाली त्याला पहाटे साडेचारला अंथरुणातून ओढून काढते, साठ किलोमीटर दमवते आणि निघाला होता तिथेच आणून सोडते. दोन्हींत स्वस्त कोणती, हे सांगायला नको.

दिल्लीच्या आसपासच्या मराठी घरांतून चाळिशी उलटलेला एखादा गृहस्थ हल्ली ही दुसरी सायकल घेतो. पहाडगंजचे बृहन्महाराष्ट्र भवन या बाजारापासून फारसे लांब नाही. त्यामुळे गणपतीची वर्गणी द्यायला म्हणून गेलेले आणि सायकल घेऊन आलेलेही लोक आहेत. घरी वर्गणीची पावती दाखवली जाते. सायकलची नाही.

असाच एक गृहस्थ नोएडाच्या चौदाव्या मजल्यावर राहतो. नाव सांगण्यात अर्थ नाही, कारण प्रत्येक मोठ्या सोसायटीत असे दोघे-तिघे निघतात. मूळचा साताऱ्याकडचा. वडिलांच्या काळ्या सायकलच्या दांडीखालून पाय घालून हाफ पेडल शिकलेला, शाळेत असताना मित्राला डबल सीट घेऊन उतार उतरलेला, आणि त्यानंतर वीस-बावीस वर्षे सायकलकडे ढुंकूनही न पाहिलेला. पुण्यातल्या चुलतभावाने घामाने डबडबलेला, हेल्मेट घातलेला फोटो कुटुंबाच्या ग्रुपवर टाकला आणि याला स्वतःच्या पोटाची जाणीव झाली. त्याने आधी शर्यतीसाठी नाव नोंदवले, मग सायकल घेतली आणि सगळ्यात शेवटी घरी सांगितले. अनुभवी लोकांच्या मते हाच क्रम बरोबर आहे.

शर्यत म्हणजे काही फार मोठी नव्हे. हिवाळ्याच्या अखेरीस हौशी मंडळींनी आपसांत भरवलेली, साठ किलोमीटरची, दमदम्याच्या खोऱ्यातली.

दमदमा हे गुरुग्राम जिल्ह्यात सोहन्याजवळचे तळे. १९४७ साली, जाता जाता, इंग्रजांनी इथे पाणी अडवायला बांध घातला. भोवती अरवलीच्या बुटक्या टेकड्या, मध्ये मोहरी आणि गहू, बांधावर कीकर, आणि रस्त्यावर म्हशी. खंडाळ्याच्या चढावर 'घाटाचा राजा' ठरवणाऱ्या मुंबई-पुणे सायकल शर्यतीच्या गोष्टी ऐकत वाढलेला माणूस अरवली पहिल्यांदा पाहतो तेव्हा त्याला हसू येते. "डोंगर कुठे आहे?" असे तो विचारतो, आणि तो डोंगरावरच उभा असतो. पण अरवली ही जगातल्या फार जुन्या पर्वतरांगांपैकी एक आहे; झिजून झिजून एवढीशी उरली आहे. गावाकडच्या म्हाताऱ्यांसारखी. दिसायला किरकोळ, पण पंजा लढवायला बसले की समजते.

याच सोहन्याच्या बाजूने दिल्ली-मुंबई द्रुतगती महामार्ग जातो. त्याचा सोहना ते दौसा हा टप्पा फेब्रुवारी २०२३ मध्ये खुला झाला. गुळगुळीत, रुंद, एकही खड्डा नसलेला आणि थेट घराच्या दिशेने जाणारा रस्ता डोळ्यांसमोर आहे, आणि त्यावर दुचाकीला, ट्रॅक्टरला आणि सायकलला मनाई आहे. मराठी सायकलस्वार मुंबईकडे एकदा नजर टाकतो आणि हँडल दमदम्याकडे वळवतो.

तयारीची सुरुवात सामानापासून होते. रेसिंग सायकलला काय काय नसते याची यादी मोठी आहे. स्टँड नसतो, घंटी नसते, मडगार्ड नसते, कॅरिअर नसते, चेनकव्हर नसते. जितके नसेल तितकी किंमत वाढते. आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेचा नियम असा की शर्यतीतल्या सायकलचे वजन ६.८ किलोपेक्षा कमी असता कामा नये. आपल्या गृहस्थाची भरली नऊ किलो. मधल्या दोन किलो दोनशे ग्रॅमनी त्याची झोप उडवली. कार्बनची सीटची दांडी लावली तर दोनशे ग्रॅम वाचतात असे त्याने जेवताना सहज म्हणून सांगितले. पलीकडून उत्तर आले, "दोनशे ग्रॅमला एवढे पैसे? महिनाभर साबुदाणा वडा सोडा, दोन किलो फुकटात जातील." हा मुद्दा भौतिकशास्त्राला धरून असल्यामुळे गृहस्थाने आमटी वाढून घेतली.

मग चड्डी. सायकलस्वाराची चड्डी घट्ट असते, आतून गादी शिवलेली असते, आणि ती घसरू नये म्हणून वर खांद्यांवरून पट्टे असतात. आत दुसरे काही घालायचे नसते. ही गोष्ट नवख्याला कोणीतरी बाजूला घेऊन हळूच सांगावी लागते. साताऱ्याहून हिवाळ्यापुरत्या आलेल्या आईंनी ती चड्डी गॅलरीत वाळताना पाहिली, हातात घेतली, गादी दाबून पाहिली आणि सुनेला विचारले, "ही कुणाची गं? बाळाची म्हणावी तर मोठी आहे." त्या दिवसापासून चड्डी न्हाणीघरात वाळते.

बुटांची तऱ्हा आणखी वेगळी. तळाला खिट्टी असते, ती पेडलमध्ये खटकन बसते आणि पाय पेडलला जखडला जातो. सोडवायचा असेल तर टाच बाहेरच्या बाजूला वळवायची. हे डोक्याला एका मिनिटात समजते. पायाला समजायला तीन वेळा पडावे लागते, आणि तिन्ही वेळा सायकल उभी असताना. वेगात कोणी पडले तर लोक धावत येतात. सिग्नलला उभ्या-उभ्या, सावकाश, बाभूळ तोडल्यासारखा आडवा होणारा माणूस पाहिला की रिक्षावाला इंजिन बंद करून बघत बसतो.

सामान झाले, आता हवा. दिल्लीत शर्यतीची तयारी करणाऱ्याला दोन ठिकाणची हवा तपासावी लागते. टायरमधली पंपाच्या काट्यावर दिसते. बाहेरची 'समीर' सांगतो. समीर हे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या मोबाइल अ‍ॅपचे नाव. मराठी भावगीतांवर वाढलेल्या माणसाला समीर म्हटले की काहीतरी मंद, शीतल, फुलांचा वास घेऊन येणारे आठवते. हा समीर नोव्हेंबरात चारशेच्या पुढे असतो. २०१ ते ३०० म्हणजे वाईट, ३०१ ते ४०० अतिवाईट, ४०१ पासून गंभीर, आणि ५०० वर मोजपट्टीच संपते. त्यापुढे हवा कितीही बिघडली तरी आकडा बिघडत नाही, ही सरकारी मोजपट्टीची माया.

हवा बिघडली की 'ग्रॅप' लागू होते. मराठीत उच्चारायला सोपे, पाळायला कठीण असे हे टप्प्याटप्प्याने कडक होत जाणारे निर्बंध. तिसरा टप्पा ४०१ ला सुरू होतो. बांधकामे थांबतात, जुन्या गाड्यांना बंदी येते आणि नागरिकांना सल्ला दिला जातो की जवळच्या अंतरासाठी पायी चाला किंवा सायकल वापरा. त्याच दिवशीच्या वर्तमानपत्रात डॉक्टर सांगतात की घराबाहेर व्यायाम करू नका. दोन्ही सल्ले एकाच वेळी पाळायचे असतील तर सायकल घरात चालवायला हवी. आणि खरोखरच, दिल्लीतले सायकलस्वार तसेच करतात.

त्यासाठी एक यंत्र मिळते. मागचे चाक काढायचे, सायकल त्या यंत्रावर चढवायची, समोर टीव्ही लावायचा आणि जागच्या जागी पेडल मारायचे. पडद्यावर रस्ता सरकतो, चढ आला की पेडल जड होते. झ्विफ्ट नावाच्या खेळात फ्रान्समधल्या आल्प द्युएझची हुबेहूब नक्कल आहे, एकवीस वळणांसकट. नोव्हेंबरातल्या एका रात्री नोएडाच्या चौदाव्या मजल्यावर आपला गृहस्थ आल्प्स चढत होता. अंगावर गादीची चड्डी, डोक्याला पंचा, खाली सतरंजी, कारण घाम फरशीवर पडून आईंचा पाय घसरला असता. सोळाव्या वळणावर दार वाजले. तेराव्या मजल्यावरच्या आंटी उभ्या होत्या. त्यांनी फार अदबीने विचारले, "भाई साहब, आपने घर में आटा चक्की लगवाई है क्या?" आणि त्यामागोमाग, "हमारा भी पिस जाएगा?"

नोएडाच्या माणसाला मात्र एक वारसा आहे आणि तो तो सोडत नाही. २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धांत सायकलची वेळेविरुद्धची शर्यत नोएडा-ग्रेटर नोएडा एक्स्प्रेसवेवर झाली होती. १३ ऑक्टोबरला स्कॉटलंडच्या डेव्हिड मिलरने तिथले ४० किलोमीटर सुमारे ४७ मिनिटांत कापून सुवर्णपदक नेले. "आमच्याच रस्त्यावर," असे गृहस्थ प्रत्येक पाहुण्याला सांगतो. ऑफिसच्या वेळेला तोच रस्ता मोटारीने पार करायला त्याला किती वेळ लागतो, हे पाहुण्यांनी विचारू नये. मिलरच्या शर्यतीच्या तीन दिवस आधी इंडिया गेटच्या परिसरात पुरुषांची १६८ किलोमीटरची शर्यत झाली. ती ऑस्ट्रेलियाच्या अ‍ॅलन डेव्हिसने जिंकली. त्या वेळचा जगातला बहुधा सर्वांत वेगवान गडी, मार्क कॅव्हेंडिश, आइल ऑफ मॅनतर्फे उतरला होता. तो सातवा आला. शहरात माकडांना पिटाळायला लंगूर नेमले होते, तेही याच स्पर्धांच्या वेळी. म्हणजे दिल्लीत शर्यत भरवायची तर सायकलींच्या आधी प्राण्यांचा बंदोबस्त करावा लागतो, हे आयोजकांना तेव्हापासून ठाऊक आहे.

खोऱ्यात ही गोष्ट रोज सकाळी नव्याने सिद्ध होते.

पहाटे पावणेपाचला नोएडाहून मोटार निघते. मोटारीच्या पाठीवर सायकल. सायकल चालवायला जाण्यासाठी साठ किलोमीटर मोटार चालवायची, यात दिल्लीत कोणाला वावगे वाटत नाही. भोंडसीच्या पुढे कुठेतरी मंडळी जमतात. चहा होतो. जानेवारीत सात वाजून गेल्याशिवाय सूर्य उगवत नाही आणि उगवला तरी धुक्यामुळे दिसत नाही. पुढे कोणी आहे हे त्याच्या लुकलुकत्या लाल दिव्यावरून कळते आणि पुढे म्हैस आहे हे वासावरून.

रस्ता शेतकऱ्यांचा आहे, ही पहिली गोष्ट शिकावी लागते. ऑक्टोबर-नोव्हेंबरात बाजरीची कणसे डांबरावर पसरलेली असतात. जाणाऱ्या-येणाऱ्या गाड्यांच्या चाकांखाली आपोआप मळणी होते. कार्बनच्या चाकांची, जर्मन टायरची सायकल त्यावरून गेली की बाजरी मळली जातेच, पण मागून ओरड येते ती वेगळ्याच कारणाने: एवढी हलकी सायकल मळणीच्या काय कामाची? थंडीत रस्त्याच्या कडेला गोवऱ्या थापलेल्या असतात आणि पलीकडे त्यांचे रचलेले, वरून लिंपलेले बिटोडे उभे असतात, झोपडीएवढे. शिस्तीत रांगेने जाणारा सायकलस्वार कडेने जायला बघतो आणि मोहरीच्या पिवळ्या शेताकडे पाहत असताना त्याचे पुढचे चाक कालच्या ओल्या गोवरीतून सरळ पार होते. गावातल्या बाईने संबंध सकाळ घालवून थापलेली ती गोवरी. मागे वळून पाहण्याची हिंमत कोणी करत नाही.

मग स्पीडब्रेकर. सरकारी स्पीडब्रेकरला पट्टे असतात, आधी पाटी असते. गावकऱ्यांचा स्पीडब्रेकर गावकरी बांधतात, आपापल्या घरासमोर, आपापल्या रागाच्या प्रमाणात. ज्याच्या कोंबडीवरून ट्रक गेला त्याचा ब्रेकर सगळ्यात उंच. रंग लावायची पद्धत नाही, कारण रंग लावला तर लोक सावध होतात. म्हणून पुढचा सायकलस्वार ओरडतो, "ब्रेकर!" मागचा ओरडतो, "ब्रेकर!" आणि असे ओरडत-ओरडत पंचवीस जणांची रांग गावातून जाते. झोपलेल्या गावाला वाटते, कोणाला तरी शोधत आले आहेत.

कुत्र्यांविषयी फार लिहिण्यात अर्थ नाही. ती सायकलच्या मागे धावतात आणि सायकलस्वाराचा त्या दिवसाचा सर्वोत्तम वेग नोंदवला जातो. इथल्या टेकड्यांमधल्या एका वाटेला मंडळी 'लेपर्ड ट्रेल' म्हणतात. अरवलीत बिबटे आहेत हे खरे. जुन्नरकडचा माणूस असेल तर त्याला यात नवल वाटत नाही. परंतु बिबट्या पाहिल्याचे सांगणाऱ्या दहांपैकी नऊ जणांनी पिवळा कुत्रा पाहिलेला असतो, आणि दहाव्याने काही पाहिलेले नसते.

एक गोष्ट मात्र दिसेनाशी झाली आहे. सकाळी दूध घालायला जाणारा माणूस आता सायकलवर नसतो, मोटारसायकलवर असतो. दोन्ही बाजूंना किटल्या लटकवून तो भुर्रकन निघून जातो. याच राजधानीच्या परिसरात, सोनीपतला, १९५१ साली जानकीदास कपूर यांनी अ‍ॅटलास सायकलचा कारखाना काढला. अर्ध्या हिंदुस्थानातल्या पोस्टमनने, मास्तराने आणि दूधवाल्याने ती सायकल चालवली. गृहस्थाच्या वडिलांची काळी सायकलही अ‍ॅटलासच. दिल्लीला खेटून असलेल्या साहिबाबादमधला तिचा उरलासुरला मोठा कारखाना बंद पडला तो ३ जून २०२० रोजी. त्या दिवशी जागतिक सायकल दिन होता. आता खोऱ्यात पहाटे सायकलवर दिसतो तो एक तर शहरातल्या कारखान्याकडे निघालेला बिहारचा मजूर, नाही तर ज्याच्या घरी दोन मोटारी आहेत असा माणूस. मजुराकडे दिवा नसतो. दुसऱ्याकडे चार असतात.

गृहस्थ तिसऱ्यांदा पडला तो एका गावाच्या चौपालीसमोर. रस्त्यात ट्रॉली आडवी होती म्हणून तो थांबला, टाच वळवायचे विसरला आणि सावकाश डावीकडे आडवा झाला. चौपालीत खाटेवर हुक्का घेऊन चार ताऊ बसले होते. कोणी उठले नाही. हुक्क्याची गुडगुड तेवढी थांबली.

"के होया भाई?"

"कुछ नहीं ताऊ, पैर अटक गया।"

ताऊंनी बुटाकडे पाहिले, पेडलकडे पाहिले. "पैर बाँध क्यूँ राख्या सै?"

याला उत्तर नव्हते. माणसाने स्वतःचे पाय स्वतःच्या सायकलला बांधून घ्यावेत आणि मग रस्त्यावर यावे, हे ताऊंच्या दृष्टीने पोलिसांत कळवण्याजोगे प्रकरण होते. मग ती सायकल उभी करून ठेवायला स्टँड सापडेना. ती भिंतीला टेकवली. एका ताऊंनी एका बोटाने ती उचलून पाहिली आणि चेहऱ्यावर दया आणली. "कितणे की सै?" गृहस्थाने घरी सांगितली होती तीच किंमत सांगितली, म्हणजे खऱ्याच्या एकतृतीयांश. तरीही हुक्का दुसऱ्यांदा थांबला.

"इतणे मैं तो झोटी आ ज्या।"

हरियाणात झोटी म्हणजे तरणी म्हैस, आणि या भागात ती बहुधा मुऱ्हा. आखूड वळलेल्या शिंगांची, काळी कुळकुळीत. महाराष्ट्रातले शेतकरीही मुऱ्हा म्हैस बघायला इथपर्यंत येतात. सायकल आणि म्हैस यांचा हिशोब ताऊंनी तिथेच मांडला. झोटी दूध देते, शेण देते, रेडकू देते, आणि तिला स्टँड लागत नाही. गृहस्थाने चहा घेतला, बशीतून प्यायला, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याला आपण खरेदीत फसलो असे मनापासून वाटले.

रस्ता शेतकऱ्याचा आणि शर्यत पाहुणी, हा प्रकार हरियाणापुरता नाही. फ्रान्समध्ये टूर दी फ्रान्सच्या वाटेवरचे शेतकरी दरवर्षी शेतात ट्रॅक्टर गोल गोल फिरवून प्रचंड सायकली उभ्या करतात, हेलिकॉप्टरमधल्या कॅमेऱ्याला दिसाव्यात म्हणून. हे प्रेमाचे वर्ष. रागाच्या वर्षी वेगळे घडते. २४ जुलै २०१८ ला शेतकऱ्यांनी रस्त्यात गवताचे भारे टाकले. पोलिसांनी त्यांच्यावर डोळ्यांत जाणारा वायू मारला. वारा उलटा फिरला आणि जगातले सर्वोत्तम सायकलस्वार रस्त्याच्या कडेला उभे राहून डोळ्यांत थेंब घालत बसले. शर्यत थांबली. २०२५ मध्ये तर एका टप्प्याचे अंतर सुमारे १३० किलोमीटरवरून ९५ वर आणावे लागले, कारण वाटेवरच्या घाटात गुरांना साथ लागली होती. साथ कोणती? लम्पी. आपल्या बाजार समित्यांनी ज्या आजाराने गुरांचे बाजार बंद केले, त्याच आजाराने आल्प्समधली एक चढण शर्यतीतून काढून टाकली.

आणखी एक शर्यत आहे, पॅरिस-रूबे. १८९६ पासूनची. ती मुद्दाम जुन्या, दगडी, शेतांमधल्या रस्त्यांवरून नेतात. त्या दगडांच्या फटींत गवत वाढते आणि चाके घसरतात, म्हणून हल्ली आरेंबर्गच्या जंगलातल्या पट्ट्यावर शर्यतीपूर्वी शेळ्या सोडतात. शेळ्या गवत खातात, सायकलस्वार वरून जातात, आणि जिंकणाऱ्याला बक्षीस म्हणून त्याच रस्त्यातला एक दगड देतात. आपल्याकडे रस्त्यातला दगड घरी न्यायचा तर शर्यत जिंकावी लागत नाही.

पुणे जिल्ह्यात याच्या उलटे झाले. १९ ते २३ जानेवारी २०२६ या पाच दिवसांत पुणे ग्रँड टूर झाली, ४३७ किलोमीटरची, आंतरराष्ट्रीय दर्जाची. मुळशी, मावळ, पुरंदर, बारामती अशी ऊस, भात आणि अंजिराच्या मुलखातून ती गेली. तिचे बोधचिन्ह शेकरू, नाव इंदू. शर्यतीच्या वाटेवरचे रस्ते आधी गुळगुळीत करण्यात आले. चुलतभावाने ग्रुपवर त्या नव्या डांबराचा फोटो टाकला, सायकल नसलेला, माणूस नसलेला, नुसत्या डांबराचा. त्याला आजवरच्या सगळ्या फोटोंपेक्षा जास्त अंगठे आले. हजारो किलोमीटर दूर राहणाऱ्या नातेवाइकांनी लिहिले की ही शर्यत महिन्याला एक व्हावी आणि प्रत्येक वेळी वेगळ्या पेठेतून जावी.

दमदम्याच्या शर्यतीसाठी कोणी डांबर टाकले नाही. गावच्या सरपंचांना आदल्या दिवशी भेटून सांगितले होते की रविवारी सकाळी सात ते नऊ या वेळेत सायकली येतील. सरपंच म्हणाले, "आण दो."

शनिवारी रात्री घरात पानिपताची तयारी चालली होती. शर्यतीत खायला जेलच्या पुड्या मिळतात. चव अशी की खोकल्याच्या औषधात कोणीतरी पन्हे ओतले असावे. आईंनी एक चाटून पाहिली आणि कोणाला न विचारता राजगिऱ्याचे चार लाडू आणि शेंगदाण्याची चिक्की त्याच्या पाठीवरच्या खिशात कोंबली. लाडवांचे वजन दोनशे ग्रॅम होते. कार्बनच्या दांडीने वाचवलेले वजन असे सव्याज परत आले. दांडी अखेर घेतली होती, हे त्या रात्री उघड झाले.

सकाळी धुके. सातची शर्यत साडेसातला सुटली. पहिल्या दहा किलोमीटरांत तरणी पोरे पुढे निघून गेली, चाळिशीवाले मध्ये राहिले आणि गृहस्थ चाळिशीवाल्यांच्याही मागे, पण हिमतीने. पंधराव्या किलोमीटरला एक लाडू खाल्ला. तिसाव्याला पोटरीत गोळा आला. चढ आला तेव्हा अरवली किती जुनी आहे ते त्याला आठवले. चढावरून उतरताना पुढे धुक्यात लाल दिव्यांचा झुबका दिसला. पुढे निघून गेलेली सगळी तरणी पोरे एका जागी उभी होती, पाय सोडवून, श्वास रोखून.

पुढे तळ्याकडे निघालेला म्हशींचा कळप होता. सायकलच्या घंटीला म्हशी बाजूला होतात, पण घंटी कोणाच्याच सायकलला नव्हती. "हट हट" ला त्या ओळख देत नव्हत्या. गुराखी पोरगा मागे मोबाइल बघत चालला होता. त्याला कोणी विचारले, किती वेळ लागेल. तो म्हणाला, "इन्नै बेरा." म्हणजे ते यांनाच ठाऊक.

गृहस्थ सावकाश येऊन पोहोचला आणि पहिल्या गटात सामील झाला. टाच वेळेवर वळवली, पडला नाही. तीन मिनिटे तो शर्यतीत आघाडीवर होता. मग म्हशी डावीकडे तळ्यात उतरल्या, पोरे सुटली, आणि तो पुन्हा जिथे होता तिथे गेला. शर्यत पुरी करून चिक्की खात तो मोटारीशी आला तेव्हा बक्षीस समारंभ उरकला होता.

त्या तीन मिनिटांचा एक फोटो आहे. आता तो घरच्या ग्रुपवर आहे, चुलतभावाच्या डांबराच्या फोटोखालीच. गृहस्थाने तो नीट कापून टाकला आहे, म्हणजे पहिल्या रांगेत तो आणि इतर आठजण दिसतात आणि पुढे मोकळा रस्ता. कापताना एवढेच राहून गेले की उजव्या कोपऱ्यात एक काळे शेपूट आले आहे.

साताऱ्याच्या आत्याने खाली विचारले आहे, मुऱ्हा आहे का?